सुईआधीचा श्वास

३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

इकडची खबर बरी नाही. तुझ्या वहिनीचे कॅन्सरवरचे उपचार डॉक्टरीणबाईंनी मध्येच थांबवले आहेत. रक्ताच्या तपासणीत यकृत बिघडलेलं दिसतंय आणि कारण सापडत नाही. वहिनीनं तर हातच टेकलेत. सुई पाहिली की तिच्या शिरा आत पळतात, ओकाऱ्यांनी जीव नकोसा होतो. उपचार पुन्हा सुरू झाले तरी जाणार नाही म्हणते.

त्यात डॉक्टरीणबाईंनी कमालच केली. त्यांच्या विभागात एक वैद्यबाई आणि श्वसन शिकवणाऱ्या एक बाई बसतात, त्यांनाही भेटा म्हणाल्या. मी तिथंच उभा राहून सुनावलं, की विज्ञानाच्या घरात मांत्रिकांना ओसरी देऊ नका! वहिनी मान खाली घालून बसली. उपचार सोडू नको म्हणून तूच तिला समजाव.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.
— दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात यकृताचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. वहिनींनी घातलेली शपथ मोडून सांगते. ओकाऱ्या थांबाव्यात म्हणून त्या शेजारणीनं दिलेला काढा घेतायत. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण तपासणीच्या वेळी तू शेजारी बसलेला असतोस. तुझ्या तोफेच्या तोंडी कोण जाणार?

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मलाही पटतं. पण दादा, तुझं म्हणणं खरं असूनही घरात खोटं वाढलं, ते तुझ्या गर्जनेमुळे. काढ्याची बाटली घेऊन दोघं डॉक्टरीणबाईंकडे जा. आणि तिथं तोंडाला कुलूप!

रागावलास तरी माया कमी करू नकोस.
— तुझी चिमणी

२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

गेलो. बाटली टेबलावर ठेवली. वाटलं, आता डॉक्टरीणबाई फाडून खाणार. त्यांनी शांतपणे वैद्यबाईंना हाक मारली आणि दोघी मिळून बाटली हुंगू लागल्या. कडाडल्या त्या वैद्यबाईच! म्हणाल्या, या औषधांबरोबर हा काढा यकृताला झेपणार नाही, आजच बंद. ज्यांना मी मांत्रिक म्हटलं, त्यांनीच तो मोरीत ओतायला लावला. मग त्यांनी तुझ्या वहिनीला विचारलं, झोप लागते का, भीती नेमकी कशाची, घरात मोकळं कोणाशी बोलता. शेवटच्या प्रश्नावर ती माझ्याकडे न बघता रडली.

यकृत सावरलं. काल सलाईनमधून कॅन्सरचं औषध पुन्हा सुरू झालं. आधी ओकारीचं औषध दिलं. मग श्वसनाच्या बाई उशाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, हिचा हात धरा, हिच्या लयीत श्वास घ्या, बाकी काही करू नका. चिमणे, मी भरलेल्या सभा हलवल्या आहेत. पण त्या खोलीत कुणीच आवाज चढवला नाही आणि तरी सगळं हललं. तिचा श्वास लांबला, मूठ सैल झाली, आणि पाण्याखालून दोर वर यावा तशी शीर हळूच वर आली. पहिल्याच टोचणीत सुई गेली.

रोगाशी लढायचं ते त्या औषधानंच, हे माझं मत तसूभर हललेलं नाही. पण औषध शरीरात जातं, आणि शरीराभोवती एक अख्खं माणूस असतं! आम्ही रोगाशी इतकं भांडलो, की त्या माणसाला बसायला जागाच ठेवली नाही.

असाच कान धरत जा.
— दादा

वन्सं, खाली जागा उरली म्हणून मीही लिहिते. शपथ मोडलीत, बरं केलंत. मी बरी होईन की नाही, हे डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगत नाहीत. पण उरलेले सगळे उपचार मी घेणार आहे. यांनी हात धरला नाही, तरीही जाणार आहे. हे मात्र यांना इतक्यात सांगू नका.