रुमालाखालची बोटं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ७.१०. म्हशीची धार काढून आत्ताच आत आलो. खरं तर आज ती विकून यायची होती.

दोन महिने झाले, नगरचे डॉक्टर दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्याला आणि मनगटाला ॲक्युपंक्चरच्या सुया लावतायत. विसरणं थांबेलच अशी हमी नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मला फरक वाटत होता. का वाटत होता?

आज घोडेगावच्या बाजारात दादांनी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवला. व्यापारी चहा सांगायला गेला, तेवढ्यात दादांनी दुसऱ्याच्या हातावर रुमाल टाकून तीच म्हैस पुन्हा विकली.

पहिला परत आला. "आण्णा, दुसरी म्हस काय खिशात हाय का?"

सगळे हसले. दादा माझ्याकडे बघत राहिले. मी काय सांगणार? रुमालाखालचं तिसऱ्याला दिसत नाही, आणि बोटांची ती भाषा मला येत नाही. दोन्ही सौदे मोडले, म्हैस परत घरी आणली.

आता ते ओट्यावर बसलेत. मांडीवर तोच रुमाल.

"सोमवारी डॉक्टरला सांग, सुया डोक्यात नको. हितं बोटांत लाव म्हनावं. इसरतंय ते हितंच."

मी "व्हय" म्हणालो. त्यांनी रुमाल पुढे केला, म्हणून खाली हात घातला. त्यांनी माझी दोन बोटं दाबली, सोडली, परत दाबली. मग थांबले.

"किती म्हनालो रे मी?"

मला काय माहीत, दादा.