मासा, पोपट आणि माझा युरिया

ती. सौ. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मला उभं करायला दोन माणसं लागतात). तू कशी आहेस? दाजी कसे आहेत? तुझा रक्तदाब, साखर, भूक, झोप, सगळं सविस्तर कळव. (इतकी चौकशी मी जन्मात कधी केली नाही, हे माझ्याही लक्षात आलंय.) माझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडल्याचं तुला फोनवर कळलंच आहे. दोन्ही सोडून जातील असं मात्र वाटलं नव्हतं. एकाने तरी दुसऱ्याची लाज राखायची!

आता एक दिवसाआड मला मशीनला जोडतात. रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत भरायचं. जन्मभर लाँड्री चालवली, गावाचे मळके कपडे धुतले, आणि माझंच धुणं आता दुसऱ्याकडे टाकावं लागतं. बरं, धुऊन घरी यावं तर दोन दिवसांत पुन्हा होतं तसंच. अशी धुलाई मी दिली असती तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं नसतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की आपण डाळ, अंडी जे काही खातो त्यातून नत्र उरतं, त्याचा अमोनिया होतो. तो जहाल विषारी, म्हणून यकृत त्याचा जरा सौम्य युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो पाण्याबरोबर बाहेर टाकतात. "तुमची टाकत नाहीत," एवढं बोलून त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "कशात तरी मन रमवा."

हे तुझ्या भावजयीने ऐकलं. शेजारचा कंपाउंडर घर बदलत होता, त्याच्याकडून तिने माशाची टाकी आणि छोट्या पोपटांची जोडी उचलून आणली आणि दुकानात काउंटरवर मांडली. माझं मन रमलं, पण भलतीकडेच रमलं. दिवसभर मी एकच बघत बसतो, की हे लोक आपल्या नत्राचं काय करतात. मासा तर काहीच करत नाही. युरिया नाही, मूत्रपिंडाची मिनतवारी नाही, अमोनिया सरळ कल्ल्यांतून पाण्यात सोडून मोकळा! आणि मला दिवसाला मोजून दोन भांडी पाणी (त्यात औषधाच्या गोळ्यांचं पाणीही धरलेलं). मी त्या टाकीकडे कसा बघत असेन, तूच विचार कर.

पण त्याचंही सुख मी टिकू दिलं नाही. टाकीत एक स्पंज असतो, त्यातून पाणी फिरतं. तो इतका कळकट झाला होता, की लाँड्रीवाल्याच्या दुकानात तसला स्पंज म्हणजे धंद्याची बदनामी. मी तो काढला, उकळत्या पाण्यात घातला, ब्लीच केला, चार पाण्यांतून खळबळून काढला आणि बगळ्यासारखा पांढरा करून परत बसवला. दोन दिवसांत मासा वर येऊन आ वासायला लागला. धावत शोभेच्या माशांच्या दुकानदाराकडे गेलो. तो ओरडला, "अहो, तुम्ही सगळे जंतू मारले!" आमच्या धंद्यात ही शाबासकी असते. तिथे कळलं, की त्या कळकटपणातलेच जंतू माशाचा अमोनिया निकामी करत होते. आता मासा स्वतःच्याच विषात पोहत होता.  ताई, हे तर माझंच दुखणं, फक्त त्याचं बाहेर होतं आणि माझं आत. तेव्हापासून मी रोज सकाळी त्याचं थोडं पाणी काढतो आणि क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी भरतो. मला मशीन, माशाला मी. दोघंही कण्हत जगतोय.

पोपटांची तऱ्हा निराळी. उडायचं म्हणून पाण्याचं ओझं नको, तेव्हा ते नत्राची पांढरी लापशी करतात (ही पाण्यात विरघळत नाही, नाहीतर अंड्यात कोंडलेलं पिल्लू आपल्याच घाणीने मेलं असतं, म्हणे). ही लापशी परवा एका वकिलांच्या काळ्या कोटावर पडली. अशा डागाला ओला असताना हात लावायचा नसतो. वाळू द्यायचा, मग ब्रशने झटकायचा. वकिलांनी रुमालाने घासला आणि कोटावर ढग काढला. "पक्षी कोण ठेवतं लाँड्रीत?" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, निदान याचं निघतं तरी."  माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचीही मला काटकसर करायची असते.

बेडकाचंही वाचलं. लहानपणी पाण्यात असताना अमोनिया सोडतो, मोठा होऊन जमिनीवर आला की युरिया. म्हणजे बेडकालाही परिस्थिती बघून बदलता येतं. मलाच येत नाही. फार निराश झालोय गं. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मासा आज सकाळपासून तळाशी फिरतोय आणि खातोय.

ता. क. पुन्हा. तुझ्या भावजयीने मला मूत्रपिंड देण्यासाठी स्वतःची तपासणी करून घेतली, तिचं जुळत नाही. रिक्षात बसून घरापर्यंत रडली. डॉक्टर म्हणतात, सख्ख्या बहीणभावाचं जुळण्याचा संभव जास्त. लहानपणी मी तुझं सगळं न विचारता घ्यायचो, त्यामुळे विचारायची मला सवय नाही. म्हणून इतका वेळ मासे आणि पोपट सांगत बसलो.

ता. क. शेवटचा. नाही म्हणायचं असेल तर तो शब्द लिहू नकोस. तिकडच्या हवेबद्दल चार ओळी लिही, मी समजेन, आणि तुझ्यावर कधी रागावणार नाही. हो असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, तूच ये. पाकीट उघडायचा धीर मला होणार नाही.