पिवळ्या घराची पाळत

बाबा, एका अख्ख्या सफरीत मी तुमच्यावर पाळत ठेवली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीची ती सफर. तुम्ही बोटीवर सारंग, साऱ्या खलाशांचे मुकादम. मी एकोणीस वर्षांचा, तुमच्याच शब्दावर नव्यानं लागलेला खलाशी. दाभोळला मुंबईच्या आगबोटीत चढण्याआधी आईनं मला घरामागे माडांच्या आड बोलावून घेतलं. मागच्या दोन सुट्ट्यांत तुम्ही तिच्याकडे धड बघत नव्हता, बोलताना नजर भलतीकडेच असायची. ती म्हणाली, "बाहेर कोणीतरी आहे त्यांचं. तू बघ आणि मला खरं काय ते सांग." मी होय म्हणालो, आणि त्या दिवसापासून तुमची प्रत्येक गोष्ट मला खोटी वाटायला लागली.

बोटीवर बाबा म्हणायचं नाही, सारंग म्हणायचं, ही तुमचीच ताकीद. मग मला सारखं जवळ का उभं करत होतात? पाण्यावरचा तो तरंगता बोया तांबडा की काळा, पुढच्या दोराशी कोण उभा आहे, असलं काहीबाही विचारायचात. एकदा मला उत्तर द्यायला उशीर झाला तर सगळ्यांसमोर म्हणालात, "डोळे घरी ठेवून आलास काय?" हाताखालचा तांडेल हसला. मला वाटलं, मी तुमच्याकडे बघू नये म्हणून मुद्दाम मला इकडेतिकडे बघायला लावताय. तुमच्या पेटीत रुमालात गुंडाळलेली बोटाएवढी निळी बाटली सापडली. बूच काढून हुंगली, वास कसलाच नव्हता. तरी ते अत्तरच, असं मी ठरवून टाकलं.

अमेरिकेकडच्या कुरासाव नावाच्या बेटावर तुम्ही आधीही जाऊन आला होता. बंदरात शिरताना होड्यांवर तरंगणारा लांबलचक पूल आपल्या बोटीसाठी दारासारखा बाजूला सरकला. पलीकडे पिवळी, निळी, गुलाबी घरं ओळीनं उभी. सगळे खलाशी कठड्याला टेकून बघत होते, तुम्ही तेवढे नाही. दुपारी सुट्टी मिळताच तुम्ही धुतलेला सदरा घातला आणि एकटेच निघालात. मी वीस पावलं मागे. बेट कोरडं ठणठणीत, मोकळ्या जागेत नुसते निवडुंग आणि शेळ्या. तुम्ही भिंतींना हात लावत चालला होता. मला वाटलं, हा माणूस आधीच प्यालाय. एका पिवळ्या घराचं दार गोऱ्या बाईनं उघडलं आणि तुमचा हात धरून तुम्हाला आत नेलं. तासाभरानं तुम्ही बाहेर आलात, डोळे लाल, ओले. उन्हात पापण्या मिटून घेतल्यात. ती बाई तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मी दहा हातांवर उघड्यावर उभा होतो. तुम्ही माझ्या दिशेनं बघितलंत आणि तसेच पुढे गेलात. केवढा हा निगरगट्टपणा, असं मी तेव्हा मनात म्हणालो.

दोन-तीन दिवसांनी आपण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला कार्ताहेनाला लागलो. स्पॅनिश लोकांनी तटबंदी घालून वसवलेलं जुनं शहर. तिथे मात्र तुम्हीच म्हणालात, "चल, शहर बघू." तटावर चढलो, एका तोफेशेजारी बसलो. "सांग बघू, काय काय दिसतंय?" तुम्ही इतक्या मऊ आवाजात विचारलंत की माझा संशय आणखीच वाढला. समोर सगळं शहर पसरलंय. लाकडी सज्जे, त्यांवरून खाली आलेल्या बोगनवेली, चर्चचा घुमट, डोक्यावर फळांच्या पाट्या घेऊन हाळी देत चाललेल्या बायका. मी म्हणतो, "काय नाही. भिंत आहे आणि गिधाडं." मग विचारता, "आपल्या अंजनवेलच्या कोटासारखी भिंत?" मी म्हणतो, "तशीच." तुम्ही दगडावरून तळहात फिरवत राहता.

घरी आल्यावर मी आईला पिवळ्या घराचं सांगून टाकलं. ती तुमचं ताट वाढून आत निघून जायची आणि तुम्ही विचारायचात, हिला झालंय काय. पुढच्या सफरीसाठी मुंबईला नाव घालायला गेलो. तिथल्या तपासणीत डॉक्टरनं तुमच्यासमोर बोटं धरली, किती ते विचारलं. तुम्ही अंदाजानं सांगितलंत आणि चुकलात. काचबिंदू, तो म्हणाला, किती दिवस लपवलंत? रांगेत मागे मी उभा. दोन वर्षं, तुम्ही म्हणालात. कुरासावचा डॉक्टर डोळ्यांत घालायला थेंब देतो, त्याची बायको रस्त्यापर्यंत पोचवते. गळ्यातली सारंगाची शिट्टी काढून तुम्ही त्याच्या मेजावर ठेवलीत, जणू त्यानं मागितली होती.

आईला खरं काय ते मीच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जेवताना ती तुमच्याजवळ बसू लागली, भात कुठे, मासा कुठे ते सांगू लागली.

मग ओटीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना तुम्ही सफरींच्या गोष्टी सांगायचात. कार्ताहेनाची पाळी आली की म्हणायचात, तिथं काय नाही, भिंत आहे अंजनवेलसारखी आणि गिधाडं, हा होता ना बरोबर, विचारा याला. आणि मी होय म्हणायचो. 'विचारा याला' म्हणताना तुम्ही नेमकं माझ्याकडे तोंड वळवायचात. मी तेव्हा खोटं सांगितलं, हे तुम्हाला कळलं होतं का? तटाखालच्या बायकांची हाळी तुम्हीही ऐकली असणार. हा संशय मात्र अजून गेलेला नाही.

हा कागद कुठे पाठवण्यासारखा नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. तुम्ही गेल्यानंतर एकदा आमची बोट कार्ताहेनाला दोन दिवस लागली होती. सगळे शहर बघायला उतरले. पोट दुखतंय असं तांडेलला सांगून मी बोटीवरच राहिलो.