इंजिनघरासाठी फेस

४ जानेवारी १९४३, शेगाव

इंजिनघरात पुन्हा पाण्याच्याच बादल्या! कापसाच्या जिनिंगमधलं आग विझवायच्या फेसाचं नळकांडं कधीचं रिकामं लटकतंय. त्यात भरायची पूड मुंबईहून यायची, लढाईमुळे येत नाही. आणि हे रोज तिथं तेलाच्या पिंपाशेजारी इंजिन चालवतात.

म्हटलं, तेलाच्या आगीवर पाणी मारलं तर तेल उसळतं. तर म्हणतात, "आग पाण्यानंच इझते. तू काऊन डोकं खाऊन राह्यली?" मी डोकं खाते!

९ जानेवारी

बाबा अकोल्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. त्यांनी एकदा करून दाखवलेलं आठवलं. सोड्याचं पाणी आणि तुरटीचं पाणी एकत्र आलं की फसफसतं. त्यात रिठा असला की बुडबुडे टिकतात. पाणी तेलाखाली जाऊन बसतं; फेस हलका, तो वर साय धरतो. मग तेलाला हवा नाही, वाफही कोंडते — जळणार काय?

तिन्ही जिनसा घरातच आहेत.

१२ जानेवारी

फजिती. घमेल्यात वाटीभर रॉकेल पेटवलं, फेस ओतला — पातळ. बुडबुडे फुटले, रॉकेल जळून गेलं. सासूबाई म्हणाल्या, "बाजारात रॉकेल भेटत नाही, अन् हे चाळे!" हे दारातून, "आगीले न्हाऊ घालते का वो?"

रडू आलं. रागानं.

१३ जानेवारी

रिठे दुप्पट भिजत घातले.

१४ जानेवारी

विझली! फेस घट्ट झाला. मधोमध न ओतता कडेनं हळू सोडला, सरकत सरकत सगळं झाकलं. एका कडेला ज्योत राहिली होती, तेवढ्यात ह्यांनी काठीनं फेस सारून पाहिला — लगेच पुन्हा पसरली. पुन्हा फेस सोडून झाकलं, म्हटलं, गार होईस्तोवर मोडायचा नाही.

खाली रॉकेल शिल्लक. सासूबाईंनी गाळून बाटलीत भरलं. हे बराच वेळ घमेल्याशी बसून होते. मग, "मालकाले सांगतो," एवढंच.

१६ जानेवारी

मालक किसनराव हसले म्हणे. "बायकोची न्हाणी इंजिनघरात आणतं का बे?" आणि हेही हसले असणार. मालकापुढे ह्यांना तोंडच नाही.

तरी सकाळी दोन घागरी भरून दिल्या — एकीत तुरटी, दुसरीत सोडा नि रिठा. ह्यांनी नेल्या.

२३ जानेवारी

इंजिनघर पेटलं. कोणीतरी बादली मारली, तेल उसळून जाळ आढ्याला गेला. ह्यांनी माणसं मागे सारली, भिंतीच्या कडेनं दोन्ही घागरी एकत्र ओतल्या. फेस फुगत गेला, आग बसली. ह्यांचं मनगट भाजलं. बाकी सगळे सुखरूप.

आणि किसनराव गावभर सांगतायत, बादल्या होत्या म्हणून वाचलं! आणखी बादल्या मागवल्या, घागरी परत पाठवल्या. हे ऐकूनच घरी आले. ह्यांच्या मनगटाला खोबरेल लावताना इतकी चीड आली!

२४ जानेवारी

सकाळी हे इंजिनघराची किल्ली मालकाच्या पुढ्यात ठेवून आले. मला म्हणाले, "मले बादल्यांच्या भरवशावर तिथं मरायचं नाही. सामान बांध."