तिघांत आमचंच उत्तर वेगळं

१० ऑक्टोबर १९९९
यांचा कॉम्प्युटर आजपासून कामाला लावला. फेब्रुवारीत हे गेले तेव्हापासून नुसताच बसून होता. परदेशातल्या एका विद्यापीठाला औषधातला रेणू कसा वळतो ते गणितानं बघायचंय. एवढं गणित एका जागी होत नाही, म्हणून जगभरच्या लोकांना घरच्या कॉम्प्युटरवर करायला तुकडे वाटतात. यांना फार हौस होती. नाव यांचंच दिलं : सुमंत, सातारा. वर्षश्राद्धाच्या आत ते मान्य उत्तरांच्या यादीत आणायचं. रोज दोन पानं इंग्रजी वाचायची, डिक्शनरी घेऊन.

११ ऑक्टोबर
धूळ बसू नये म्हणून डब्यावर यांची शाल घातली, रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं दिलेली. चारी बाजूंनी नीट खोचली. शोभते.

२३ ऑक्टोबर
पहिलं उत्तर नामंजूर. माहितीपत्रक वाचलं. एकच तुकडा तिघांना देतात, एकमेकांना न कळवता. दोघांचं जुळलं की ते खरं. उरलेला तिसरा म्हणजे आम्ही. बाकीचे दोघे कोण ते सांगत नाहीत. एक जर्मनीतला असणार. बघून लिहिलं असणार. यांनी जन्मात कुणाचं बघून लिहिलं नाही.
इंग्रजी : अर्धं पान.

२ नोव्हेंबर
दुसरंही नामंजूर. धोंडुबाई केर काढताना म्हणाली, बाई, शेजारचं मांजर रोज हितंच निजतंय, पेटी लय ऊबदार हाय. म्हटलं, कष्ट करणारा तापतोच.

३ नोव्हेंबर
शेजारचे नानासो सुभेदार चहाला आले. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, आवं वैनी, तीन जवान पुढं बघायला धाडले, दोघं म्हणत्यात पूल हाय, एक म्हणतोय न्हाई, मग आमी कुणाचं धरायचं? म्हटलं, तिसऱ्याची नजर चांगली असली तर? म्हणाले, मग त्यानं नदीत उतरावं. चहात साखर कमी पडली म्हणाले, ते वेगळंच.

१२ नोव्हेंबर
विद्यापीठाला कडक पत्र लिहायला घेतलं. 'रिस्पेक्टेड सर'पर्यंत झालं.

२० नोव्हेंबर
तिसरं नामंजूर. यांची पुतणी शरयू पुण्याला कॉम्प्युटरमध्येच आहे. तिचा फोन आला. म्हणाली, काकू, जुनाच तुकडा तुझ्याच मशीनवर पुन्हा चालव. उत्तर पहिल्यासारखंच आलं तर मी तुझ्या बाजूनं भांडते. आता जर्मनीवाल्याचं काही खरं नाही.

२९ नोव्हेंबर
उत्तर पहिल्याशी जुळत नाही. वीज कमीजास्त झाली असेल. पुन्हा लावलं.

७ डिसेंबर, दुपार
तिसरंच काहीतरी आलं. म्हणजे आता तिन्ही उत्तरं आमचीच, आणि त्यांचं आपसांत पटत नाही. यात जर्मनी कुठे बसवावी ते सुचेना.

८ डिसेंबर
शरयूनं विचारलं, मशीनवर काही झाकलंयस का? म्हटलं, झाकलं नाही, पांघरलंय. मग म्हणाली, काकू, आत पंखा असतो, त्याला हवा लागते. फार तापलं की मशीन बंद पडेलच असं नाही, कधी चुकीचंच गणित करत बसतं. काकांची शाल आहे ना ती? म्हटलं, फोनचं बिल येईल, ठेव आता.

१० डिसेंबर
शाल काढली नाही. थंडी फार आहे.

११ डिसेंबर
काढली. दहा महिन्यांनी यांची शाल हाताला ऊबदार लागली. बराच वेळ घडी घातली नाही.
मांजर रागावून गेलं.

२० डिसेंबर, संध्याकाळ
उत्तर मंजूर. बाकी दोघांशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. यादीत सुमंत, सातारा. नंबर तीन हजार चारशे बारा. धोंडुबाईला दाखवलं. म्हणाली, साहेबांच्या वर एवढी माणसं?
जर्मनीवाला हुशार असावा. 'रिस्पेक्टेड सर' फाडलं.
कॉम्प्युटर उघडाच चाललाय. शाल मी घेतली आहे. मांजर आलं, गार डबा हुंगला, आणि माझ्या मांडीवर येऊन निजलं.