सहा महिन्यांच्या आतला फोटो

८ सप्टेंबर

नाही म्हणाले! गुळगुळीत कागद, वर संस्थेचं सोनेरी चिन्ह, खाली तिघांच्या सह्या, आणि मधे कामाची एकच ओळ — 'आपल्या प्रस्तावातून पुरेशी गरज सिद्ध होत नाही.' म्हणजे नऊ वर्षं राबून आम्ही गरज कमी केली, हा आमचा गुन्हा.

चूक माझीच. पहिल्या वर्षी वस्तीतली शंभरातली एकसष्ट पोरं वजनाला कमी होती, आता नऊ आहेत. हे मी रंगीत तक्ता करून पहिल्याच पानावर लावलं. मिरवायला! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

सध्याची मदत डिसेंबरअखेर संपते. मग पुढची खोली, सिस्टरचा दवाखाना — बंद. मागची खोली, पोरांची अभ्यासिका — बंद. संध्याकाळी मिळणारं दूध आणि अंडं — बंद. मधली फळीची भिंत काढून घरमालक गोदाम करणार आहे. आजच येऊन टेपने मापं घेऊन गेला. काय घाई!

९ सप्टेंबर

नवरा दाढी करता करता म्हणाला, "मग, आज कुणापुढे पदर पसरायचाय?" विनोद होता. मी पोळीचा डबा न घेताच निघाले.

१४ सप्टेंबर

आमच्या अध्यक्षांनी बैठक घेतली. बैठक म्हणजे दवाखान्यात ते खुर्चीवर, मी तपासणीच्या बाकावर आणि सिस्टर उभी, कारण तिसरी बसायची जागाच नाही. आनंदाची बातमी अशी की दुरुस्त करून प्रस्ताव पुन्हा पाठवता येतो. पाच नोव्हेंबरपर्यंत. त्याआधी मदत देणाऱ्या संस्थेच्या बाई येऊन पाहणी करणार.

"आकड्यांना हात लावायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण आकडे कोण वाचतं? काळजाला भिडेल असं काहीतरी टाका." हे गृहस्थ तीस वर्षं डॉक्टर होते. काळजाला काय भिडतं ते त्यांना माहीत असणार.

"भिडायला आहे काय?" मी तिरसटून म्हटलं. "सगळी पोरं खाऊनपिऊन टुणटुणीत! त्यांच्यामुळेच खोल्या जाणार आता. एखादी तरी काडी शिल्लक ठेवायला हवी होती आपण."

सिस्टरने ओठांवर बोट ठेवून फळीकडे मान वळवली. पलीकडे पोरं अभ्यासाला बसली होती. पाढ्यांचा आवाज मधेच थांबला होता, मग पुन्हा सुरू झाला. पोरांना काय कळतंय म्हणा!

२० सप्टेंबर

बाई येऊन गेल्या. मी त्यांचं नाव इस्त्री ठेवलंय. चार तास गाडीत बसून आल्या तरी अंगावर एक चुणी नाही!

औषधांचं कपाट पाहिलं, नोंदवही पाहिली, अभ्यासिकेत डोकावल्या. अठ्ठावीस पोरं, सगळी मन लावून लिहितायत, दोघं एकमेकांना पायाने ढोसतायत. इस्त्रीचा चेहरा पडला. दुकानात गेल्यावर हवा तो रंग संपलेला असावा, तसा.

"काम फार छान आहे हो तुमचं," म्हणाल्या. "पण आमच्या विश्वस्तांना एक चेहरा लागतो. एकच. ज्याच्याकडे बघून वाटलं पाहिजे की..." पुढचं वाक्य त्यांनी हातानेच पुरं केलं.

अध्यक्षांनी लगबगीने जुनी फाईल काढली. आतला फोटो मला न बघताही दिसला. चार वर्षांची पोर, पायरीवर बसलेली, उघडं अंग, बरगड्या मोजून घ्याव्यात. नऊ वर्षांपूर्वीचा. याच फोटोवर आम्हाला पहिली मदत मिळाली होती.

"हां! अशी!" इस्त्री खुलल्याच. "ही कुठे असते?"

"ही काय, इथेच," सिस्टर म्हणाली आणि खिडकीजवळ बीजगणित सोडवणाऱ्या काडीकडे बोट केलं. काडी हे नाव तेव्हा पडलं ते पडलंच. आता तेरा वर्षांची आहे, गाल वर आलेले, दोन जाड वेण्या. तिने वर पाहिलं आणि हसली.

इस्त्रीने काडीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि फोटो परत फाईलमध्ये ठेवला. "नाही, हा जुना झाला. आमचा नियम आहे, फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. बघा, वस्तीत मिळेल की एखादं."

मिळेल की एखादं! तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय बोलले? "बघते हं, बाई." अशी लाळघोटी मी कधी झाले?

२१ सप्टेंबर

तो फोटो मी काढलेला आहे. इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे लिहिणार.

नोकरीचा दुसरा महिना होता. थंडी होती. काडीच्या आईने तिला स्वेटर घालून, केस विंचरून, तोंड पुसून आणली, कारण फोटो काढणार असं सांगितलं होतं. स्वेटरमध्ये पोर चांगली दिसत होती. मी स्वेटर काढायला लावला. वेण्या सोडायला लावल्या. तिच्या आईने मुकाट्याने सोडल्या. मग कॅमेरा पाहून पोर हसायला लागली. मी म्हटलं, "हसू नको हं. शहाणी ना तू?" आणि ती शहाणी पोर हसायची थांबली.

आणि मी इस्त्रीला नाव ठेवतेय.

१ ऑक्टोबर

वजनाचा दिवस. पद्धत तीच — सिस्टर काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगते, मी वहीत लिहिते, वजन वाढलं असेल तर सगळी पोरं टाळ्या वाजवतात. फुगे फुटावेत तसा आवाज होतो. एरवी मला हा दिवस आवडतो.

आज तिघांची वजनं उतरली. दोघं तापातून उठलेले. आणि पेन्सिलने आकडा लिहिताना मला बरं वाटलं! क्षणभरच, पण वाटलं. पोराचं वजन घटलं आणि माझ्या मनात आलं, चला, काहीतरी हाती लागलं. घरी येऊन हात धुतले, तोंड धुतलं. शिसारी जाईना.

तिसरी काडी. एक्केचाळीसवरून एकोणचाळीस. सिस्टर म्हणाली, "ताडासारखी वाढतेय, या वयात उतरतं थोडं." काडी मान खाली घालून चपला घालत होती.

७ ऑक्टोबर

अध्यक्षांचा फोन. चेहरा मिळाला का? — हरवलेली छत्री विचारावी तसं.

१२ ऑक्टोबर

वस्तीत फिरले. कॅमेरा पिशवीत, वर वर्तमानपत्र झाकलेलं. दारोदार जाऊन पोरं न्याहाळत होते. बाजारात भाजी निवडतो, तशी. फक्त मला सुकलेली हवी होती.

एका घरी बाई म्हणाली, "माझा बारका वाळकुडाच आहे, घ्या की. किती दिवस लागतील?" तिला वाटलं, मी त्याला उपचाराला नेतेय. पोरगा आतून धावत आला, हातात अर्धी भाकरी. रोडका होता, पण नजरेत इतकी मिस्कील चमक की हा फोटो नापासच. असं मनात आलं माझ्या. नापास!

परतीच्या वाटेवर कपड्यांच्या लाँड्रीत काडीची आई भेटली. वाफेने चेहरा लालबुंद. "ताई, पोरगी हल्ली जेवतच नाही बघा. म्हणते, अभ्यासिकेत खाल्लं." मी म्हटलं, मोठी होतेय, मुली या वयात आरशाचं ऐकायला लागतात. ती हसली. मीही हसले आणि घाईघाईने निघाले, कारण तिच्यासमोर मला पिशवी लपवावीशी वाटत होती.

१७ ऑक्टोबर

अध्यक्षांनी नवीन शक्कल काढली. त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या संस्थेकडे 'चांगले' फोटो आहेत, कुठल्याशा लांबच्या गावचे. एखादा मागून घेऊ, चेहऱ्यावर कुठे पत्ता लिहिलेला असतो?

मी नाही म्हटलं. स्वच्छ शब्दांत, आवाज न चढवता. "मग खोल्या बंद झाल्या तर उत्तर तुम्ही द्यायचं," म्हणाले. देईन.

१९ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा प्रस्ताव लिहायला मजा आली. जुना सगळा फेकून दिला. 'समस्या' या रकान्यात लिहिलं — इथे आज समस्या लहान आहे. ती लहान राहावी म्हणून पैसे हवेत. नऊ वर्षांत काय झालं ते आमची नोंदवही सांगते. खोल्या बंद केल्यात तर तीन वर्षांनी या, तुम्हाला हवा तसा फोटो नक्की मिळेल.

शेवटचं वाक्य खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

लिहिताना अभ्यासिकेतच बसले होते. काडी पुस्तकावर डोकं ठेवून पेंगत होती. तिचं अंडं शेजारच्या बारक्याने खाल्लं, दूधही त्यालाच पाजलं तिने. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला जास्त लागते भूक." किती समंजस झालीय पोर! मला भरून आलं. पण पेंगली म्हणून टपली मारलीच. मार्चमध्ये परीक्षा आहे.

"ताई," तिने विचारलं, "खोल्या राहतील ना?"

"राहतील," मी म्हटलं. "मी आहे ना."

२६ ऑक्टोबर

इस्त्रीला फोनवर मसुदा वाचून दाखवला. ऐकताना मधेमधे "वा, वा" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "फार प्रामाणिक लिहिलंय हो. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. आणि फोटो?"

"फोटो नाही."

"अहो, तो रकाना रिकामा असला तर कॉम्प्युटर अर्जच घेत नाही!"

फोन ठेवला आणि सिस्टरच्या टेबलावर डोकं टेकलं. माणसांशी भांडता येतं, रकान्याशी कसं भांडायचं? सिस्टरने पाणी आणून दिलं. म्हणाली, "मग सगळ्या पोरांचा एकत्र काढा. आहेत तशी. हसताना."

म्हटलं, तुला कळत नाही का, तो फोटो बघून कोण देणार? सिस्टर फळीकडे बघून म्हणाली, "हळू." पण मी हळू बोलले नाही. "हसरी पोरं कुणालाच नको आहेत!" असं ओरडले मी. याच शब्दांत.

३० ऑक्टोबर

ठरलं. सिस्टरचं ऐकायचं. परवा वजनं झाली की सगळ्यांचा एकत्र फोटो, टाळ्या वाजवतानाचा. मिळाली मदत तर मिळाली. निदान आरशात तोंड बघता येईल.

१ नोव्हेंबर

काडी — साडेपस्तीस.

सिस्टरने दोनदा काटा तपासला. आकडा तिने मोठ्याने सांगितलाच नाही, नुसता मला दाखवला. पोरं टाळ्यांसाठी हात वर करून थांबली होती.

मी तिला पुढच्या खोलीत नेलं, दार लावलं. काय होतंय, कुठे दुखतंय, विचारलं. तिने वेण्या आधीच सोडलेल्या होत्या. स्वेटर काढून नीट घडी घालून बाकावर ठेवला.

"आता काढा ताई," ती म्हणाली. "मी हसणार नाही."