‘चंद्रिकेची चुकामूक’वर माझा अभिप्राय

६ जानेवारी १९३८. संध्याकाळ.
आज रिसोडच्या वाचनालयाचा प्रेसिडेंट झालो. ज्या बाजारात डोक्यावर मिरच्यांची पाटी घेऊन ओरडत फिरलो, त्याच बाजारात आज गळ्यात हार. कारण मी दिलेलं सागवानी कपाट, असं दोघेतिघे कुजबुजले. माझ्या कानाला पाच कोसांवरची कुजबूज ऐकू येते. जळतात.
संकल्प : प्रेसिडेंटने निदान एक तरी पुस्तक वाचलेलं असावं. रोज दहा पानं.
चिटणीस रामकिसन मास्तरांनी ‘चंद्रिकेची चुकामूक’ दिलं. विनोदी प्रेमकथा. म्हणाले, “घरी सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.” ‘सगळ्यांनी’ म्हणताना घसा बसला. अडुळसा घ्या म्हटलं. पोरगं आपल्यातलंच, हुशार. पण ना मळा, ना मोट.
मास्तरांचा एक नियम आहे. वाचून झालं की मागच्या कोऱ्या पानांवर दोन ओळी अभिप्राय लिहायचा, खाली सही करायची नाही. सही नसली की माणूस खरं लिहितो म्हणे.

७ जानेवारी.
दीड पान. छापील अक्षर मला लागतं, पण चढणीच्या गाडीसारखं. चाळिशीत शिकलो. मुलगी विजयमाला तेव्हा चौथीत होती, तिनेच पाटीवर गिरवून घेतलं. म्हणून उरलेलं तिला वाचायला लावलं. मी सुपारी कातरत ऐकतो. कानाने वाचलं तरी वाचनच.
गोष्ट अशी. पुण्याची चंद्रिका. बाप रावसाहेब. त्याने मुलगी एका बड्या जमीनदाराला देऊ केलेली. तिचं मन एका इंजिनियरवर. पोरगी बापाच्या नाकासमोर चिठ्ठ्या धाडते, आणि बाप स्वतःच्या टोपीत घालून त्या पोचवतो!
हसून ठसका लागला. इतका ठार मूर्ख माणूस जगात असतो का? बायको गिरजाबाई कण्या पाखडत म्हणाली, “हासा बाप्पा, हासा.” विजयमाला हसली नाही. तिला विनोद जरा उशिरा कळतो.

१२ जानेवारी.
संक्रांतीच्या बांगड्या भरायला रंगूबाई आली. तिचा फेरा थेट आपल्याकडच्या मालेगावपर्यंत. मालेगावचे दौलतराव आमचे होणारे जावई. दोनशे एकर, दोन घोड्या. वय जरा पक्कं. पहिली बायको पाय घसरून विहिरीत पडली. पौष संपला की साक्षगंध, ४ फेब्रुवारीला.
मी माजघराबाहेर सहज उभा होतो. रंगूबाई म्हणत होती, “त्या घरी म्या एका सालात आठ बार चुडा भरला व माय. थ्या बाईच्या हातात बांगडी टिकेच ना. मनगटं काळी निळी.”
मोठ्या घरी कामं फार. फुटणारच. रंगूबाईचा माल कच्चा, हे खरं कारण.
जेवताना विजयमाला म्हणाली, “बाबा, मले मालेगावले नाई जायचं.” पोरी लाजतात. मी ओळखलं, ‘इतक्यात नाही’ असं तिला म्हणायचं आहे.
पाल चुकचुकली. डावा डोळा लवतो आहे. मिरची कांडली, तिचा दोष.

१३ जानेवारी. बाजार.
पुस्तक पुरं झालं नाही. मुदत वाढवायला घेऊन गेलो. तासभर मास्तरांकडे ठेवलं, वांगी विकली, परत घेतलं. मास्तरांनी आधी मागची पानं उघडली. खरा वाचक.
मीही पाहिलं. शिसपेन्सिलीने : ‘नायिका बिचारी. तिचं ऐकणारं घरात कोणी नाही.’ खाली निळ्या शाईने : ‘ऐकणारा आहे. घरात नसेल.’
मार्मिक! पेन्सिलीचं अक्षर हुबेहूब माझ्यासारखं, उजवीकडे कललेलं. चांगल्या माणसांची अक्षरं सारखीच असतात.
रावसाहेब ठार मूर्ख, हे मत कायम.

१९ जानेवारी. सकाळी.
तीन प्रकरणं झाली. रोज दहा पानांचा संकल्प रद्द. थोडं पण विचारपूर्वक.
मळ्यात गेलो तर विजयमाला विहिरीच्या थारोळ्यावर बसलेली. मोट चालू नव्हती. पाण्याकडे टक लावून. विचारलं, “पाणी किती हाय वं?” म्हणाली, “पुरंल.”
यंदा उन्हाळी वांगी लावायला हरकत नाही.

२० जानेवारी. बाजार.
पुस्तक नेलं, आणलं. अभिप्राय वाढले. पुस्तक आठवडाभर माझ्याच घरी, तरी लोक अभिप्राय लिहितात. काय ही वाचनाची गोडी! मी प्रेसिडेंट झाल्याचा परिणाम.
पेन्सिल : ‘नायिकेला विहीर जवळ आणि मोटार लांब वाटते.’ शाई : ‘कृपा करून नायिकेने मोटारच जवळ करावी. नायक तयार आहे.’
पण कादंबरीत विहीर कुठे आहे? मी नीट ऐकलंय. पुण्याच्या बंगल्यात नळ आहे. मास्तरांना खडसावलं, “लोक न वाचता अभिप्राय लिहून राह्यले. हा पेन्सिलवाला विहीर कुठून घेऊन आला?” मास्तर पांढरेफटक. दौतच लवंडली. कामाचा माणूस, पण टीका सोसत नाही.

२५ जानेवारी.
विजयमालेने पुन्हा तेच काढलं. “बाबा, तुमी ऐकलं ना रंगूबाई काय म्हणे थे?” म्हटलं, सगळं ऐकतो, म्हणूनच कशावर विश्वास ठेवत नाही. दौलतरावांच्या सोयरिकीने मिरच्यांची पाटी लोकांच्या डोक्यातून कायमची उतरेल. हे तिच्याच भल्याचं. ती उठून आत गेली. पटलेलं दिसतं.
दुपारी आईला दाखवत होती, माझ्या दम्याचं चाटण किती, मधात की तुपात. गिरजाबाईला इतकी वर्षं येत नव्हतं की काय? पोर संसाराला लागली, असं समजून आनंद झाला. गिरजाबाई डोळे पुसत होती. चुलीला ओली पऱ्हाटी.

२७ जानेवारी. बाजार.
एकच नवा अभिप्राय, पेन्सिलीचा : ‘बापाचं मन कळल्याशिवाय नायिका निघणार नाही. त्यानेच तिला मिरच्या विकून शिकवलं.’
पुन्हा चूक! रावसाहेब पेन्शनर आहेत. मिरच्या कसल्या? या वाचकाला कोणी तरी आवरलं पाहिजे. प्रेसिडेंटने मत देण्याची वेळ आली.

२ फेब्रुवारी. दुपार.
पाचवं प्रकरण ऐकलं. चंद्रिका पहाटे मोटारीने जाते, आणि रावसाहेब रस्त्यात उभा राहून त्याच मोटारीला टोपी काढून नमस्कार करतो. हसून हसून बेजार. एकच प्रकरण राहिलं.
ओसरीवर बसलो, टाक घेतला. विजयमाला शेजारी, गिरजाबाई दारात. मोठ्याने म्हणत लिहिलं :
‘पुस्तक फार चांगलं. बाप मूर्ख आहे. मुलीने खुशाल जावं, मागे वळून पाहू नये. बापाचा राग आठ दिवसांचा. पुढे तोच जावयाला वांगी पोचवील.’
विजयमालेने विचारलं, “बाबा, खरंच?” मी म्हटलं, प्रेसिडेंट खोटं लिहील का? गिरजाबाईने दोनदा विचारलं, “पक्कं लिवलं? मंग सही करा. शिक्का बी मारा.” नियम सहीचा नाही, पण निनावी लिहायला मी काय चोर आहे? सही केली : उकंडराव, प्रेसिडेंट. वर शिक्का.
विजयमाला पाया पडली. साहित्याचा परिणाम असा असतो.

३ फेब्रुवारी. बाजार. सकाळ.
उद्या साक्षगंध, म्हणून बाजारी गेलो नाही. चंपत गाडीवान एकटा भाजी घेऊन गेला, पुस्तकही त्याच्याकडेच दिलं. गाडी रोजच्यापेक्षा लवकर जुंपली. अंथरुणातून घुंगरं ऐकली. बांगड्याही वाजल्या. गिरजाबाई पोती लावत असेल.
आठच्या सुमारास आमच्या गावाबाहेर रिठदच्या रस्त्यावर उभा होतो. रिसोडहून वाशीमला जाणारी मोटार आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. प्रेसिडेंटला मान देतात. मी पागोट्याला हात लावला. आत कोणी बाईने तोंडावर पदर घेतला. कुणाची तरी सासरी चाललेली पोर.

तीच तारीख. दुपार.
चंपत आला. पाट्या रिकाम्या, मान खाली. पुस्तक पुढे केलं. “मास्तरनं देल्लं मालक. अन् किल्ली देल्ली, कपाटाची.”
शेवटचं पान. पेन्सिल : ‘प्रेसिडेंटचा अभिप्राय मिळाला. आठ दिवसांनी पत्र घालते, बाबा.’
गिरजाबाईला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, “मले का वाचता येते? सही तुमी केली.”

४ फेब्रुवारी.
दौलतराव आले. सात गाड्या माणसं. मी सांगितलं ते त्यांनी हसत ऐकलं. मग चंपतचं मनगट धरलं आणि गोड आवाजात विचारलं, “कोण्या वाटेनं गेली रे?” हसणं तसंच, पकड आवळत गेलेली. चंपतच्या हातात कडं होतं पितळेचं. ते वाकल्याचा आवाज मी ऐकला.
रंगूबाईचा माल कच्चा नव्हता.
मी पुढे झालो. म्हटलं, “मेहकरच्या मोटारीनं. म्या सोता पाह्यलं.” सातही गाड्या मेहकरच्या, वाशीमच्या उलट्या, वाटेला लागल्या. जाताना दौलतराव मला म्हणाले, “तिकडं नसली तर पुन्हा येतो, उकंडराव.”

५ फेब्रुवारी.
राग आठ दिवसांचा, असं सहीनिशी लिहून बसलो आहे. आज तिसरा. पहिलेही दोन जमले नाहीत.
गाड्या अजून परतल्या नाहीत. मेहकरच्या रस्त्याकडे कान लावून आहे. चंपतला दाराशी बसवलंय. घरात बांगडी वाजत नाही.
शेवटचं प्रकरण राहिलंय, म्हणून एकट्याने काढलं. सकाळपासून चार ओळी. पाचवीत एक जोडाक्षर आहे, ते लागत नाही. विचारायला मान वर केली, मग खाली घातली.